अंगणातली दुर्बीण

ट्रामगाड्यांच्या विजेने वेध बिघडतील म्हणून मुंबईची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला आली. तेथे पृथ्वीचे चुंबकत्व मोजतात. आकाशासाठी मात्र आम्ही कामगारांनी वर्गणी काढून दुर्बीण घेतली व अंगणात मांडली. पहिल्या रात्री नळीला जरा धक्का लागला की गुरू पळे. अखेर सापडला, शेजारी चार ठिपके. दुसऱ्या रात्री पाहतो तो ठिपक्यांनी जागा बदललेल्या! १६१० साली गॅलिलिओने पाहिले ते हेच. आम्ही ते वाचलेले होते, पण डोळा लावून उठलेला एक हमाल म्हणाला, "मग आजवर ऐकलेले आणखी काय काय तपासायचे राहिले?" मंडळी, या प्रश्नानेच आमची वर्गणी फिटली.