वकिलाचा मेहनताना आणि अशिलाचें गुपित

वकील या शब्दाचा अर्थ सर्व देशांत एकच असावा, असें आपण सहज धरून चालतों. अमेरिकन वकील आणि जर्मन वकील एका टेबलाशीं बसले, तर अडचण फार तर भाषेची येईल, असा आपला समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. मी स्वतः वकील नव्हें. माझें आयुष्य मुलांना व्याकरण आणि इतिहास शिकविण्यांत गेलें. परंतु एकच शब्द दोन मुलखांत दोन अर्थ कसे धारण करतो, हें पाहण्याची गोडी व्याकरणाच्या मास्तराला असणारच. या दृष्टीनें दोन खटले मला फार बोधप्रद वाटले.

पहिला मेहनतान्याचा. नाझी राजवटींत ज्याचा छळ झाला, अशा एका गृहस्थाची ड्रेस्डेन शहरांत मिळकत होती. तिच्यावरील हक्क मागण्यासाठीं, अमेरिकेंत राहणाऱ्या त्याच्या दोन नातवंडांनीं १९९० सालीं एका जर्मन वकीलबाईंना नेमलें. फी आगाऊ देण्याची त्यांची ऐपत नव्हती. त्यांनीं आपल्या देशाच्या रिवाजाप्रमाणें सुचविलें कीं, जें मिळेल त्याचा एक तृतीयांश आपण घ्यावा. कांहींच न मिळाल्यास कांहींच नाहीं. बाईंनीं तें मान्य केलें. १९९८ सालीं भरपाईचे ३,१२,००० मार्क मिळाले आणि बाईंना त्यांतून १,०४,००० मार्क पोंचले. अशील संतुष्ट, वकील संतुष्ट. परंतु वकिलांच्या शिस्तीच्या न्यायालयानें बाईंना दंड केला, कारण जर्मनींत असा करार निषिद्ध होता.

यांत कोण चुकलें? अमेरिकेंत बहुतेक दाव्यांत जिंकणाऱ्यालाही आपल्या वकिलाचा खर्च स्वतःच सोसावा लागतो. तेथें हिश्श्याच्या बोलीवांचून गरिबाला कोर्टाची पायरी चढतां येणें कठीण. उलटपक्षीं, जर्मनींत हरणाऱ्यानें जिंकणाऱ्याचा ठरीव खर्च भरून द्यावयाचा असतो, आणि वकील हा न्यायदानाच्या व्यवस्थेचाच एक स्वतंत्र अवयव आहे असें कायदाच सांगतो. निकालांत ज्याचा स्वतःचा वांटा आहे, तो स्वतंत्र कसा राहणार, ही तेथील शंका. (आपल्याकडेही बार कौन्सिलचे नियम अशा करारास मनाई करतात, तेव्हां जर्मनांना हंसण्याचें आपल्याला कारण नाहीं.)

बाईंनीं प्रकरण जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत नेलें. १२ डिसेंबर १९०६ नव्हे, तर २००६ सालच्या त्या दिवशीं निकाल लागला. साल मुद्दाम सांगतों, कारण इतक्या जुन्या नियमाला इतक्या उशिरां धक्का बसला! न्यायालय म्हणालें कीं, बंदी मुळांत योग्य असली तरी जो अशील पैशाअभावीं आपला हक्कच सोडून देईल, त्याच्यासाठीं अपवाद हवा. १ जुलै २००८ पासून तसा अपवाद कायद्यांत आला. बाईंचा दंड मात्र कायम राहिला.

दुसरा खटला अधिक नाजूक आहे, कारण तो गुपिताचा आहे. फोक्सवागन कंपनीनें डिझेल मोटारींत धुराचें माप चुकविणारी योजना बसविल्याचें सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत उघडकीस आलें. कंपनीनें अंतर्गत चौकशीसाठीं जोन्स डे ही अमेरिकन वकिलांची पेढी नेमली. पेढीच्या वकिलांनीं कामगार व अधिकारी यांना बोलावून विचारपूस केली, टिपणें केलीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालींच अपजॉन प्रकरणांत ठरविलें होतें कीं, कंपनीच्या नोकरानें कंपनीच्या वकिलाला विश्वासानें सांगितलेलें गुप्त राहतें. परंतु कागद होते म्यूनिचमध्यें. १५ मार्च २०१७ रोजीं तेथील सरकारी वकिलांनीं पेढीच्या कचेरीची झडती घेऊन ते उचलून नेले.

कंपनी व पेढी दोघांनींही घटना न्यायालयाकडे धांव घेतली. प्रथम कागद मोहोरबंद ठेवण्याचा हुकूम मिळाला. पण २७ जून २०१८ च्या निर्णयांनीं दोघांचीही निराशा झाली. म्यूनिचची चौकशी ऑडी या दुय्यम कंपनीच्या मोटारींविषयीं होती. फोक्सवागन तींत आरोपी नव्हती, म्हणून आरोपी व त्याचा वकील यांना जें संरक्षण असतें तें तिला लागू नाहीं. शिवाय पेढी परदेशी, म्हणून हे मूलभूत हक्क तिला मागतां येत नाहींत. यांतील पहिलें कारण मला पटतें. दुसरें पटत नाहीं. म्यूनिचच्या कचेरींत बसून जर्मन कायद्याचें काम करणाऱ्या वकिलांना केवळ मुख्य ठाण्याच्या पत्त्यावरून परके ठरविणें विचित्र वाटतें.

तथापि सरकारी वकिलांची बाजूही ऐकिली पाहिजे. याच चौकशींतील निष्कर्ष कंपनीनें अमेरिकन सरकारपुढें ठेवले होते, आणि २०१७ सालीं गुन्हा कबूल करून ४३० कोटी डॉलर दंड मान्य केला होता. जें परक्या सरकारला सांगितलें, तें स्वतःच्या देशाच्या सरकारपासून लपवावें, हें म्यूनिचमध्यें कोणास रुचणार?

राहतां राहिला तो नोकर, ज्यानें दार लावून घेतलेल्या खोलींत त्या वकिलांपुढें मन मोकळें केलें. त्याचा तर तो वकीलही नव्हता. तो कंपनीचा होता. आणि त्याच्या शब्दांचीं टिपणें कोणत्या शहरांतल्या कपाटांत ठेवलीं जातील, हें त्याला विचारण्याची बुद्धि तरी कशी व्हावी?