अंतर्मुख चाके

१९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम अवतरलेल्या मॉरिस मायनर गाडीची पुढची चाके समांतर भासत असली, तरी ती किंचित अंतर्मुख असावीत, म्हणजे त्यांच्यातील अंतर मागच्यापेक्षा पुढच्या अंगास इंचाच्या बत्तीस भागांपैकी तीन भागांनी कमी असावे, असा दंडक आहे. कारण मागच्या चाकांच्या रेट्याने गाडी धावू लागली की पुढची चाके बाहेर फाकू पाहतात.

टायरवर तळहात फिरवावा; एका दिशेने तो अलगद सरकला आणि उलट फिरवताना करवतीच्या दात्यांवर अडखळावा तसा अडखळला, तर या अंतराचा हिशेब चुकला म्हणून समजावे. मग सांध्यांत ढिलेपणा नसल्याची खातरजमा करून, सपाट जमिनीवर, स्टीअरिंग सरळ ठेवून, दोन्ही टायरांच्या पुढच्या अंगास आसाच्या उंचीवर खडूने खुणा करून अंतर मोजावे, आणि चाकांचा अर्धा फेरा होईतो गाडी ढकलून त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजावे, म्हणजे रिमचा वाकडेपणा या मापात शिरत नाही.

फरक दंडकाबाहेर असल्यास टायरॉडचे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्यांचे, चेकनट सैल करून दोन्ही बाजूंचे दांडे समप्रमाणात फिरवावेत, अन्यथा स्टीअरिंग वाकडे बसते. आणि अखेरीस नट आवळण्यास विसरू नये.