दोन कंपन्यांची चुरस आणि गटाचा लॅपटॉप

बचत गटाच्या हिशेबासाठी लॅपटॉप घ्यायला तालुक्याला गेलं, की एक दुकानदार सांगतो, "आय-फाइव्ह आहे ताई, डोळे झाकून घ्या." दुसरा म्हणतो, "नवी चिप येणार आहे, दोन महिने थांबा." ऐकायचं कुणाचं? आज त्याबद्दल बोलू.

लॅपटॉपच्या आत नखाएवढी एक चिप असते, तिला प्रोसेसर म्हणतात. सगळी आकडेमोड तीच करते. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती इंटेल किंवा एएमडी या दोन कंपन्यांपैकी एकीची असते. इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोघींची मुख्य कार्यालयं अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा या एकाच शहरात आहेत. एका आळीतल्या जावाच म्हणा ना! आणि भांडण पन्नास वर्षांचं.

त्याची सुरुवात गमतीची आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपल्या छोट्या संगणकासाठी इंटेलची चिप घेतली. पण एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नाही, तीच चिप बनवणारी दुसरी कंपनीही हवी, अशी आयबीएमची अट होती. म्हणून १९८२ मध्ये इंटेलला एएमडीशी करार करावा लागला. पुढे दोघींचं फाटलं, वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले.

गावात दूध घेणारी एकच डेअरी असली, तर ती लावेल ते फॅट आणि देईल तो भाव. दुसरी गाडी यायला लागली, की पहिलीचीही भाषा बदलते. चिपच्या बाजारात नेमकं हेच झालं. २०११ मध्ये एएमडीने आणलेली चिप कमी पडली आणि इंटेलला मैदान मोकळं मिळालं. चिपमधल्या काम करणाऱ्या हातांना कोअर म्हणतात. साध्या टेबलावरच्या संगणकासाठी इंटेल २०१७ पर्यंत जास्तीत जास्त चारच कोअर देत राहिली.

इकडे २०१४ मध्ये एएमडीची सूत्रं लिसा सू यांच्याकडे आली. तैवानमध्ये जन्मलेल्या, लहानपणीच अमेरिकेत गेलेल्या या इंजिनिअर बाई. कंपनी डबघाईला आलेली होती. मार्च २०१७ मध्ये त्यांनी रायझन नावाची चिप बाजारात आणली. आठ कोअर, किंमत ३२९ डॉलरपासून. तेव्हा इंटेलची आठ कोअरची चिप हजार डॉलरच्या वर होती! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने साध्या संगणकासाठी सहा कोअर दिले, पुढच्या वर्षी आठ. इतकी वर्षं जे जमत नव्हतं, ते दीड वर्षात जमलं.

आता "थोडं थांबा"चं बघू. इंटेलने २०१६ साठी ठरवलेलं चिप बनवण्याचं नवं तंत्र मोठ्या प्रमाणावर बाजारात यायला २०१९ उजाडलं. येणार म्हणून सांगितलेली चिप वेळेवर येईलच, असं नाही. आणि आपल्याला लागतं काय? हिशेब, ऑनलाइन अर्ज, मुलांचा अभ्यास. नव्या चिपसाठी थांबायची गरज नाही. उलट नवी आली की मागच्या वर्षीची बहुधा स्वस्त होते, ती घ्यावी.

चुरशीचा एक तोटाही आहे, तो म्हणजे नावांचा गोंधळ. नुसत्या आय-फाइव्हला काही अर्थ नाही, पुढचा आकडा बघा. ३३२० असेल तर तिसरी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. आकडा १ ने सुरू झाला तर पहिले दोन अंक धरायचे, म्हणजे १२३५ ही बारावी. (अलीकडे इंटेलने नावातला 'आय' काढलाय, त्या नव्या नावांना हा हिशेब लागू नाही.) वापरलेला लॅपटॉप घेताना आठवीच्या खालची पिढी घेऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याहून जुन्या चिपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

एएमडीचीही एक गंमत ऐका. रायझन ५ ७५२०. सुरुवातीचा ७ नवेपणा दाखवतो, पण आतली रचना तिसरा अंक सांगतो. तिथे २ आहे, म्हणजे रचना २०१९ ची. जुन्या पातेल्याला नवी कल्हई! हिशेबाला ती चालेल, पण नव्याचा भाव देऊ नका. उरलेले पैसे आठ जीबी रॅम आणि एसएसडीवर घाला, कामाचा वेग त्यांनी जास्त जाणवतो.

दुकानात लॅपटॉप चालू करायला सांगा. सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात अबाउट. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. ते स्टिकरशी ताडून बघा आणि तोच पूर्ण आकडा बिलावर लिहून घ्या. गटाच्या पैशाचं बिल आहे, त्यावर नुसतं "आय-फाइव्ह लॅपटॉप" चालणार नाही.