मानवतची गोष्ट आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला चारचौघांत बोलण्याची सवय नाही. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. चिटणीसबाईंनी "अलीकडे पाहिलेल्या एखाद्या मालिकेविषयी चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी नको नको म्हणत होते. पण एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, ती तुमच्यापुढे मांडते. काही चुकले तर पदरात घ्या.

'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका ४ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी लिव्हवर आली. ही रोज संध्याकाळी लागणारी मालिका नव्हे. इंटरनेट असले म्हणजे हवी तेव्हा पाहता येते. माझ्या मुलाने ती टीव्हीवर लावून दिली आणि आम्ही पाचसहा जणी दुपारची कामे आटोपून पाहायला बसलो. आशुतोष गोवारीकर, ज्यांनी 'लगान' काढला, ते यात पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी झाले आहेत. सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, मकरंद अनासपुरे यांचीही कामे आहेत. सगळ्यांनीच कामे चोख केली आहेत. चुलीवरचे दूध उतू गेले तरी उठवेना, अशी आमची गत झाली.

गोष्ट खरी घडलेली आहे. मानवत हे परभणी जिल्ह्यातले लहानसे गाव. १९७२ च्या अखेरीपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत तिथे एकामागून एक खून पडले. बळी गेल्या त्या सगळ्या स्त्रीजातीतल्या. कोणी दहा वर्षांची पोर, कोणी संसारी बाई. स्थानिक पोलिसांना छडा लागेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णींना पाठवले. १९६८ साली मुंबईत रामन राघव पकडला गेला, तो तपास यांच्याच देखरेखीखाली झाला होता. त्यांनी पुढे इंग्रजीत आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यांच्याच आधाराने ही मालिका झाली.

आम्ही बायका आपल्या पैजा लावीत होतो. एक म्हणे हाच असणार, दुसरी म्हणे तो नव्हे. त्या दिवसांत माझी आई माझ्याकडे राहायला आली होती. ती कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. एक शब्द बोलेना. आईचे माहेर परभणीकडचे. मानवतचे खून झाले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची, म्हणजे बळी गेलेल्या पोरींच्याच वयाची होती.

मालिकेतल्या बाईला मूल नसते आणि त्यापायी ती अघोरी मार्गाला लागते, असे दाखवले आहे. तो भाग चालू असताना आमच्यातली एक जण म्हणाली, "मूल नसलं की बाईचं मन असंच होतं." खोटे कशाला सांगू, मीही मान डोलावली.

तेव्हा आईने हातातला लसूण खाली ठेवला. म्हणाली, "गप बसा गं. तुम्ही कोणी केलं ते बघताय. आम्हाला तेव्हा पोरगी घरी आली का, एवढंच बघायचं असे."

मग तिने सांगितले. ते दुष्काळाचे वर्ष. माझी आजी खडी फोडायला दुष्काळी कामावर जाई. पोरींना घरी एकटे ठेवायची सोय नाही, म्हणून सगळ्या बाया आपापल्या पोरी कामावर नेत. संध्याकाळी परतताना एक म्हातारी सगळ्यांना उभे करून पोरी मोजी. परसाकडेला जायचे तर तिघी मिळून. शेण वेचायला रानात जाणे बंद. आजी रात्री आईच्या परकराची गाठ आपल्या पदराला बांधून निजत असे. "आणि पोरी मोजणारी ती म्हातारी," आई म्हणाली, "तिला मूलबाळ नव्हतं."

आम्ही सगळ्या खाली पाहू लागलो.

भगिनींनो, त्या खटल्यात सरकारी पक्षाचे म्हणणे असे होते, की गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे म्हणून, पिंपळावरच्या मुंजाला प्रसन्न करण्यासाठी हे बळी दिले गेले. खालच्या कोर्टाने गावातल्या एका वजनदार गृहस्थाला आणि त्याच्या जवळच्या बाईला दोषी ठरवले. परंतु वरच्या कोर्टाने त्या दोघांना सोडले. आणखी काही जणांचा गुन्हा मात्र शाबीत धरला गेला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला. माफीच्या साक्षीदाराचे बोलणे दुसऱ्या पुराव्याचा आधार असल्याशिवाय धरून चालू नये, याचा त्या निकालात पुष्कळ विचार केलेला आहे. म्हणून मी इथे त्या दोघांची नावे घेत नाही. पडद्यावर पाहिले म्हणजे सगळेच खरे, असे आपण धरू नये.

पण मुंजा, गुप्तधन आणि वांझपणाचा डाग, या समजुती गावात होत्या हे तर खरे ना? त्या मानवतला कोणी बाहेरून आणल्या नव्हत्या. त्या माझ्याही घरात होत्या. तेच सांगायला मी उभी राहिले आहे.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना मूल नाही. लोकांची बोलणी ऐकून ऐकून त्या एका बाबाकडे अमावास्येला जाऊ लागल्या. लिंबू, काळी कोंबडी, पैसे, सगळे झाले. एका खेपेला मीही सोबत गेले होते. बोलणी लावणाऱ्यांत माझाही आवाज होता आणि बाबाच्या दारात चप्पलही माझी होती.

२०२३ साली माझ्या मुलीचे डोहाळजेवण झाले. मी विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते तेव्हा याच जाऊबाईंनी या मुलीला मांडीवर वाढवले. समारंभाचे लाडू त्यांनीच वळले. पण ओटी भरायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना म्हटले, "तू जरा आत पोळ्यांचं बघ." त्या निमूट आत गेल्या.

मालिका पाहून झाली त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. क्षमा मागायला तोंड उघडेना. शेवटी डोहाळजेवणाचा विषय काढला. त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, पोळ्या तर तेव्हा झाल्याच होत्या."

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला पहिले औक्षण त्यांनी केले. आमच्यातल्या एकदोन जणींनी नाके मुरडली. नातू ठणठणीत आहे.

पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षे झटले, तो नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. अशा बाबाविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते. तशी वेळ आली तर एकटीने जाऊ नका, आपल्या मंडळातल्या चौघीजणी सोबत घ्या. पण बाबाकडे धाडणारी जी जीभ आहे, तिला कायदा काय करणार? ती आपली आपणच आवरली पाहिजे.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या आळीतल्या सगळ्या बायकांना बोलवावे. मूल असलेली, नसलेली, नवरा असलेली, नसलेली, असा भेद करू नये. सगळ्यांना एकाच ताटातले हळदीकुंकू आणि एकच वाण. आमंत्रणाला दारोदार जायला मी तयार आहे, आणि माझ्याबरोबर जाऊबाईही येणार आहेत.

मालिका जरूर पाहा. अंगावर काटा येईल. पण पाहून उठताना कोणा बाईकडे वाकड्या नजरेने पाहू नका, एवढेच सांगते.