क्षेत्र आणि रथ

श्रोतेहो, कुरुक्षेत्र म्हणजे मनुष्याचे शरीर, पांडव म्हणजे सद्‌वृत्ती आणि कौरव म्हणजे दुर्वृत्ती, हा अर्थ आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकला असेल. मीही तो एके काळी मोठ्या आवेशाने सांगत असे. माझा आधार एकच होता. गीतेच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी शरीराला 'क्षेत्र' म्हटले आहे. शब्द जुळला, तेव्हा अर्थही जुळलाच, असे मी धरून चाललो होतो.

एकदा प्रवचन आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "बुवा, ते क्षेत्र रणाचं का रानाचं?" मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन तो अध्याय पुन्हा उघडला. तेथे पंचमहाभूते, अहंकार, बुद्धी, इंद्रिये, इच्छा, द्वेष यांची गणना आहे आणि क्षेत्र जाणणारा क्षेत्रज्ञही आहे. परंतु सेना, शंख, धनुष्य यांचा मागमूस नाही. म्हाताऱ्याचे रानच खरे ठरले म्हणायचे!

मग रथाचे रूपक तपासले. कठोपनिषदात आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे, असा उलगडा उपनिषदानेच केला आहे. श्वेताश्वतरात मनाला दुष्ट घोडे जुंपलेल्या रथाप्रमाणे आवरण्यास सांगितले आहे. उद्योगपर्वात विदुरही धृतराष्ट्राला इंद्रियांचे घोडे दाखवितो. मात्र तेथे रथ हाकणारा आत्मा आहे. म्हणजे घोड्यांविषयी साक्ष भक्कम आहे, सारथ्याविषयी नाही.

आता हेच रूपक अर्जुनाच्या रथाला लावावे काय? गीता त्याच्या घोड्यांचा रंग पांढरा म्हणून सांगते आणि पुढे जाते. दुसऱ्या अध्यायात इंद्रियांचा विषय येतो, तेव्हा तिला आठवतात ते अवयव आवरून घेणारे कासव आणि वाऱ्याने वाहवलेली नाव. समोर रथ उभा असताना! हा प्रतिकूल पुरावा मी पूर्वी कधी मोजलाच नव्हता.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (1915) मीमांसकांची जुनी कसोटी पुढे ठेवली आहे. ग्रंथाचा उपक्रम व उपसंहार पाहा, तो पुनःपुन्हा काय सांगतो ते पाहा. या कसोटीने पाहता, आरंभी अर्जुन धनुष्य टाकतो आणि अखेरीस आज्ञा पाळीन म्हणतो. प्रश्न कर्तव्याचा आहे.

महात्मा गांधींनी या युद्धाला अंतःकरणातील द्वंद्व मानले. त्या अर्थाने अनेकांना बळ दिले, हे मी नाकारीत नाही. मीही तो अर्थ अजून सांगतो. मात्र गीतेच्या नावावर सांगत नाही.