अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास



सातमाशी मूल जगतं, अठमाशी जगत नाही, असं आपल्याकडची म्हातारी माणसं अजून सांगतात. ते खरं नाही. पोटातल्या प्रत्येक आठवड्यानं बाळाची फुप्फुसं पक्की होत जातात. आठव्या महिन्यात कळा लागल्या म्हणून घरच्यांनी आस सोडू नये.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत एक स्निग्ध द्रव्य पुरेसं तयार झालेलं नसतं. त्यामुळे आतल्या हवेच्या पिशव्या श्वास सोडला की मिटतात आणि पुन्हा उघडताना बाळ दमतं. ते कण्हतं, नाकपुड्या फुलवतं, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजारानं दोन दिवसांच्या आत गेला. पुढे १९७१ मध्ये डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी अशा २० बाळांना हवेचा सतत हलका दाब दिला, १६ वाचली. हाच सीपॅप. तेव्हा बहुतेकांच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली होती. आता नाकपुड्यांत दोन मऊ, आखूड नळ्या बसवतात. बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलं, की तेवढाच दाब मिळतो. पाण्यात बुडबुडे येत राहतात. ते थांबले, की हवा कुठे गळते ते सिस्टर आधी बाळाच्या नाकाशी पाहतात.

मला काळजी वाटते ती रस्त्याची. उमरखेड तालुक्याच्या बंदी भागातलं गाव, तिथून ढाणकी, मग उमरखेड. पुढे नांदेड ७०-८० किलोमीटर, यवतमाळ तर शंभरावर. दमून गार पडलेलं बाळ उशिरा पोचलं, तर सीपॅपचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून बाळ पोटात असतानाच आईला हलवा. दिवस भरण्याआधी कळा आल्या, अंगावरून पाणी गेलं, तर लगेच आशाताईंना सांगा, १०८ ला फोन करा. ३४ आठवड्यांच्या आत असेल तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात. त्यांनी बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पहिलं इंजेक्शन गाडी निघण्याआधीच द्यायला सांगा.

बाळ वाटेतच झालं, तर पुसून कोरडं करा, टोपी घाला, आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घाला. आंघोळ घालू नका. आणि पुढच्या दवाखान्यात आधीच फोन लावून विचारा, सीपॅप मोकळा आहे का.