मूतखडा झालेल्या कुत्र्याचे पथ्यपाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककलेवर पुष्कळ भाषणे झाली आहेत. मला आज सांगावयाचे आहे तेही स्वयंपाकघरातलेच, फक्त जेवणारा चार पायांचा आहे. कुत्रा घरात आणतात मुले, त्याला फिरवून आणतात पुरुष, पण त्याचे ताट वाढण्याचे काम शेवटी आपल्याकडेच येते. त्यातून तो मूतखड्याने एकदा आजारी पडलेला आणि वर खाण्याचा चोखंदळ असला, तर वाढणारीची कशी कसोटी लागते, हे मी तीन वर्षे अनुभवीत आहे.

आमचा मोती लहान चणीचा, नऊ किलो वजनाचा. सात वर्षांचा असताना त्याच्या मूत्राशयातले खडे शस्त्रक्रिया करून काढावे लागले. नर कुत्र्याच्या मूत्रमार्गाला लागून एक बारीक हाड असते. त्यामुळे तेथे मार्ग रुंदावत नाही आणि उतरलेला खडा नेमका तेथे अडकतो. कुत्रा पुनःपुन्हा पाय वर करतो पण थेंब येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच डॉक्टर गाठावा. लघवी अगदी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आता मी सांगणार आहे त्या पथ्यामागे एवढे कारण आहे.

पहिली गोष्ट, खडा कोणत्या जातीचा हे कळल्याशिवाय पथ्य ठरवू नये. काढलेला खडा तपासणीला पाठवावाच. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून जनावरांच्या मूतखड्यांची तपासणी करणारे खास केंद्र चालू आहे, यावरून या तपासणीचे महत्त्व ध्यानात यावे. कुत्र्यांत दोन जाती जास्त आढळतात. एक स्ट्रूव्हाइट. हा बहुधा लघवीच्या जंतुदोषाने होतो, मादीत अधिक दिसतो, आणि जंतूंवरचे औषध व खास आहार यांनी पुष्कळदा विरघळतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. हा कोणत्याही आहाराने विरघळत नाही, आणि काढला तरी पुन्हा होण्याची खोड याला फार. आमच्या मोतीला हाच झाला होता. डॅल्मेशियन जातीच्या कुत्र्यांना यूरेटचा खडा होतो, त्यांना कलेजीसारखे पदार्थ वर्ज्य करावे लागतात.

आता गंमत पाहा. स्ट्रूव्हाइट विरघळविण्याच्या आहाराने लघवी आम्ल होते, आणि आम्ल लघवी ऑक्झलेटला पोषक असते. म्हणजे शेजारणीच्या कुत्र्याला जे तारक ठरले ते आपल्याकडे मारक ठरू शकते. म्हणून ऐकीव पथ्य कधी करू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. बहुतेक सर्व जातींच्या खड्यांना हे लागू आहे. लघवी पातळ राहिली की खड्याचे क्षार साचत नाहीत. लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या खाली राहावे, असे डॉक्टर सांगतात. पण कुत्र्याला आग्रह करून पाणी पाजता येत नाही, ते जेवणातूनच पोटात गेले पाहिजे. बाजारच्या कोरड्या दाण्यांत शेकडा सुमारे दहा भाग पाणी असते, तर डब्यातल्या ओल्या खाण्यात सत्तर ते ऐंशी भाग. डॉक्टरांनी मोतीला लिहून दिलेले दाणे मी एका वाटीस दोन वाट्या कोमट पाणी घालून पंधरा मिनिटे भिजवते. पाण्याची भांडी घरात तीन ठिकाणी आहेत. लघवीला दिवसातून चार-पाच वेळा बाहेर नेतो, कारण लघवी धरून ठेवणेही वाईटच.

मोतीने हे भिजलेले दाणे पहिल्या दिवशी हुंगले आणि तोंड फिरवून तो सोफ्याखाली जाऊन बसला. तेव्हा पुढील रीत उपयोगी पडली. नवे खाणे एकदम वाढले नाही. जुन्यात चौथा हिस्सा नवे, दोन दिवसांनी निम्मे, असे करीत दहा दिवसांत पालटले. पाणीही थोडेथोडे वाढविले. अन्न कोमट केले, म्हणजे वास सुटतो आणि कुत्रा वासावर जेवतो. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी ताट ठेवावयाचे आणि वीस मिनिटांनी, खाल्ले असो वा नसो, उचलावयाचे. मधे काही नाही. निरोगी जनावर एखादी वेळ उपाशी राहिले तर बिघडत नाही. मात्र पुरा दिवस अन्नाला शिवले नाही, उलटी झाली किंवा ते मलूल दिसले, तर तो हट्ट समजू नये, डॉक्टरांना कळवावे.

खरी अडचण कुत्र्याची नसते, घरातल्या मायेची असते. आमच्या सासूबाईंना हे ताट उचलणे पाहवत नसे. "अगं, मुका जीव तो. एक तुपातली पोळी दिली तर काय होतंय?" असे त्या म्हणत. त्यांचे वय ब्याऐंशी. मोती दुपारभर त्यांच्या पायाशी असतो. त्यांना नाही म्हणणे मला जड गेले. मी म्हटले, "आई, मोतीला तुमच्याच हातचं द्या, पण त्याच्याच ताटातलं." त्याच्या दिवसाच्या मापातून मूठभर दाणे काढून मी त्यांच्या वाटीत भिजवून ठेवू लागले. आता चार वाजता त्या एकेक दाणा भरवतात आणि तो राजासारखा बसून खातो. पाण्याची भांडी विसळून भरण्याचे कामही त्यांनी आपणहून घेतले. माया राहिली आणि पथ्यही मोडले नाही.

वर्ज्य काय तेही सांगते. ऑक्झलेटच्या खड्याला पालक, चाकवत, अळू, बीट, रताळे आणि शेंगदाणे नकोत. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या नकोत, कारण त्याचे शरीरात ऑक्झलेट होते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट तर कोणत्याच कुत्र्याला देऊ नये. आपल्याकडे मूतखड्यावर कुळथाचे कढण आणि पानफुटीचा रस सांगतात. कढणाला लसणाची फोडणी असते, आणि पानफुटी कुत्र्याच्या हृदयाला विषारी आहे. माणसाचे औषध जनावराला लावू नये. चव यावी म्हणून कोंबडीचे पाणी घालावयाचे तर ते बिनमिठाचे, बिनकांद्याचे असावे, आणि तेही डॉक्टरांना विचारून. घरीच शिजवून घालावयाचे असेल तर प्रमाण त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.

मोतीची लघवी आम्ही दर तीन महिन्यांनी तपासतो आणि सहा महिन्यांनी क्ष-किरण चित्र काढतो. खडा बारीक असताना सापडला तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून काढता येतो. मोतीला आता दहावे वर्ष आहे, या वयात पुन्हा भूल देणे आम्हाला नको आहे. गेल्या महिन्यापर्यंत चित्र स्वच्छ आले. पुढेही तसेच येईल अशी हमी कोणी देत नाही. आपल्या हाती वेळेवर ताट आणि भरपूर पाणी एवढेच आहे, आणि ते आपण नेमाने करावे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यातले शास्त्र मी डॉक्टरांना विचारून विचारून वहीत उतरविले आहे. कोणा भगिनीला ती वही हवी असल्यास तिने खुशाल घरी यावे. मात्र मोतीला देण्यासाठी बिस्किट आणू नये, ही विनंती.